डाव्या चाकाचं पाणी

दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला, झेंडूची माळ घातली, बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं. पोरानं फोनवर फोटो काढला आणि म्हणाला, "आई, ट्रॅक्टर वाकडा दिसतोय." मला वाटलं यानंच फोन वाकडा धरला असेल. पण मागं जाऊन बघितलं तर डावं चाक बसलेलं. पार रिमवर नव्हतं आलं, पण टायरचं पोट जमिनीवर पसरलेलं आणि व्हॉल्व्हच्या भोकाजवळून रिमवर तांबडा ओघळ.

आम्ही माळशिरस तालुक्यातले. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस, आणि कालव्याच्या वरच्या अंगाला अडीच एकर काळं रान, तिथं ज्वारी. हे पुण्याला कंपनीत आहेत, पंधरा दिवसांनी शनिवारी येतात. घरी मामा, आत्या, मी आणि पोरगा. ट्रॅक्टर मी चालवते. २०२० साली आम्ही तो जुना घेतला. विकणारा म्हणाला होता, "टायर नवीनच हायेत की, नक्षी बघा." नक्षी खरंच बरी होती. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या डाव्या टायरवर १४१३ आहे. म्हणजे २०१३ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला. उजव्यावर ०६१९. नवरानवरीच्या वयात सहा वर्षांचं अंतर असल्यासारखी ही जोडी आमच्या घरी आली आणि आम्ही पेढे वाटले.

मागचा टायर १३.६-२८ चा. १३.६ म्हणजे रुंदी इंचात आणि २८ म्हणजे रिमचा व्यास. मामांनी दोन्ही चाकांत पाणी भरून घेतलेलं. आमच्याकडं बऱ्याच जणांच्या ट्रॅक्टरला असतं. ट्यूब तीन चतुर्थांश पाण्यानं भरायची, वर हवा ठेवायची, म्हणजे चाकाला वजन येतं आणि नांगरताना चाक जागेवर फिरत नाही. या मापाच्या एका चाकात साधारण पावणेदोनशे लिटर पाणी बसतं. युरोप-अमेरिकेत थंडीत पाणी गोठतं म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. आमच्याकडं गोठायचा प्रश्न नाही, आमच्या चाकात कालव्याचं पाणी.

२०२५ च्या सप्टेंबरात पावसानं सोलापूर जिल्ह्याला झोडपून काढलं. सीनाकाठच्या माढा, मोहोळकडच्या लोकांची रानंच्या रानं खरवडून गेली. त्यांच्यापुढं आमचं चाक म्हणजे काहीच नाही. पण आमच्याही रानात पाणी साठलं होतं आणि ज्वारी रखडली होती. वापसा आला, म्हणजे ओल ओसरून रान पेरणीजोगं झालं, की दोन-तीन दिवसांत पेरून मोकळं व्हायचं, नाहीतर काळं रान वरून कडक होतं. अशा वेळी चाक बसलं.

पहिल्यांदा रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला घरी बोलावलं. त्यानं व्हॉल्व्हची टोपी काढली, बोटावर थुंकी घेतली आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर लावली. मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, परत आला. "वैनी, पिन गेलीया." पिन म्हणजे व्हॉल्व्हच्या आतली, हवा अडवणारी बारीक काडी. ती बदलली, हवा भरली, पैसे घेतले. चार दिवसांनी चाक परत खाली. मग त्यानं ट्यूब काढून एक भोक शोधलं, पॅच मारला. आठ दिवस बरं चाललं. परत खाली. परत पॅच. तिसऱ्यांदा मात्र तो फोन उचलेना.

मला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त राग त्या ओल्या डागाचा आला. दर वेळी पाणी व्हॉल्व्हपाशीच दिसायचं, आणि आम्ही सगळे व्हॉल्व्हकडंच बघत बसायचो. ट्यूबच्या टायरात तसं नसतं. ट्यूबला भोक कुठंही पडो, पाणी आधी ट्यूब आणि टायर यांच्या मधल्या जागेत येतं, आतल्या आत फिरतं आणि जिथून बाहेर पडायला वाट मिळेल तिथून निघतं. ती वाट बहुतेक वेळा एकच, रिमला व्हॉल्व्हसाठी पाडलेलं भोक. घराच्या छताचंही असंच असतं. पत्रा फुटलेला असतो वळचणीला आणि थेंब पडतो देव्हाऱ्यावर.

चाक बसलेलं असताना तसाच ट्रॅक्टर चालवून दुकानापर्यंत नेऊ, असं एकदा मनात आलं. मामांनी ओरडून थांबवलं. हवा नसली की टायर रिमवर सरकतो, ट्यूब टायरबरोबर ओढली जाते, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. मग व्हॉल्व्ह बुडातून उपटला जातो आणि ट्यूबच बाद. म्हटलं, घरीच खोलायचं.

चाक काढायचा विचार सोडून दिला. पाण्यासकट ते चाक काढायचं म्हणजे चार गडी लागतील, आणि अंगावर पडलं तर पाय गेला. चाक ट्रॅक्टरलाच ठेवून टायरची बाहेरची कड तेवढी रिमवरून काढायची आणि ट्यूब ओढून घ्यायची, हे जमतं. पुढच्या चाकांना पुढून मागून दगड लावले, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. अंगणात पाऊसपाण्यानं माती भुसभुशीत झालेली, म्हणून जॅकखाली बाभळीची फळी टाकली. एक्सलखाली जॅक आणि जॅकच्या शेजारी लाकडाचे दोन ओंडके रचले. जॅकवर विश्वास ठेवायचा पण भरवसा ओंडक्यांवर, असं मामांचं आहे.

आधी पाणी. पाणी काढताना व्हॉल्व्ह खाली आणायचा, भरताना आणि हवा मोजताना वर. हे उलटं झालं तर गेजमध्ये पाणी जातं आणि गेज गंजतं. आमचं पहिलं गेज मी असंच घालवलं. तर व्हॉल्व्ह जॅक लावायच्या आधीच खाली आणून ठेवलेला. पिन काढली, पिनचं घर पण काढलं. या ट्यूबांना हवा आणि पाणी दोन्हींसाठीचा व्हॉल्व्ह असतो, त्याचा आतला भाग आटे फिरवून निघतो आणि मोठं भोक मोकळं होतं. पाण्याची पिचकारी आली ती थेट माझ्या साडीवर. चहाच्या रंगाचं पाणी, गंजाचा वास. थोड्या वेळानं धार मंदावली, कारण आत हवा जात नाही. मग नळी लावून थोडी हवा कोंबायची, काढायची, की परत धार. असं तासभर. आत्या पायरीवर बसून म्हणाल्या, "म्हशीचं दूध असं निघालं असतं तर!"

सगळं पाणी कधीच निघत नाही. व्हॉल्व्ह रिमपाशी असतो, त्याच्या खालच्या टायरच्या पोटातलं पाणी तसंच राहतं. ते नंतर ट्यूबबरोबर उचलावं लागतं.

आता कड. टायरच्या कडेत आत पोलादी तार असते. ती तार ताणत नाही, म्हणून ताकद लावून टायर रिमवरून निघत नाही. वर्षानुवर्षं बसलेली कड गंजानं रिमला चिकटते. ती सुटी करायला पहारीचं चपटं टोक रिम आणि टायरच्या फटीत धरायचं आणि घणानं ठोकायचं, दर वितीवर एकदा, गोल फिरत. फटीत साबणाचं पाणी सोडत राहायचं. ऑइल किंवा डिझेल चुकूनही नको, त्यानं रबर फुगतं आणि सडतं. एक चक्कर झाली, काही हललं नाही. दुसरी चक्कर झाली. तिसऱ्या चक्करीला "कर्र" असा आवाज आला आणि कड दोन बोटं आत गेली. तो आवाज ऐकला तेव्हा मला जे वाटलं ते पोराचा दहावीचा निकाल लागल्यावरही वाटेल की नाही, शंका आहे.

यापुढची खुबी मला मामांनी दाखवली, आणि ती कळली नसती तर मी दोन टॉम्या, म्हणजे टायर खोलायच्या लोखंडी दांड्या, वाकवून बसले असते. रिमच्या मध्यभागी गोल खोलगट पन्हाळ असते. एका बाजूला टॉमी घालून कड वर काढायची असेल तर समोरच्या बाजूची कड त्या पन्हाळीत ढकलून ठेवावी लागते. तेवढी जागा सुटते, तेवढ्यानंच इकडची कड रिमच्या काठावरून पलीकडं येते. पन्हाळीत नाही ढकलली तर दोन पैलवान आणा, तार तुटेल पण टायर निघणार नाही. मी समोर दोन्ही पायांनी कड दाबून धरली, मामांनी व्हॉल्व्हच्या बाजूनं एक टॉमी घातली, वीतभर अंतरावर दुसरी. व्हॉल्व्हजवळ टॉमी बेतानं घालायची, खोल गेली तर ट्यूबच चिमटते. तिसऱ्या टॉमीनंतर कड आपसूक बाहेर आली.

व्हॉल्व्ह आत ढकलला आणि ट्यूब ओढली. राहिलेलं पाणी तिच्या पोटात, ती काही केल्या निघेना. शेवटी मी आणि पोरगा दोघांनी ती अंगणात ओतली.

ट्यूबमध्ये हवा भरून गोठ्याच्या हौदात भाग-भाग बुडवली. पॅचच्या काठापासून बोटभर अंतरावर बुडबुड्यांची बारीक सर. म्हणजे दोनदा पॅच मारला ती जागा आणि हे नवीन भोक, तिन्ही एका तळहाताखाली येतील एवढ्यात. चाकाच्या एवढ्या मोठ्या घेरात तीनदा एकाच ठिकाणी पंक्चर योगायोगानं होत नाही. काहीतरी टायरच्या आत बसून होतं.

इथं हात घालून चाचपायचा मोह होतो. घालू नये. आत्यांच्या जुन्या सुती लुगड्याचं फडकं घेतलं, हातावर गुंडाळून टायरच्या आतल्या अंगानं सावकाश फिरवलं. एकदा फिरवलं, काही नाही. उलट्या दिशेनं फिरवलं आणि एका जागी धागा अडकला. बॅटरी मारली तरी डोळ्याला काही दिसेना. बाहेरून टायरच्या त्याच जागी दोन नक्षींच्या मध्ये एक काळा ठिपका होता, तीळ असावा तसा. नखानं कोरलं तर लाकूड लागलं. वेडी बाभूळ. काटा बाहेरच्या बाजूनं मोडून गेलेला आणि टोक टायरच्या जाडीत रुतून बसलेलं. चाकावर ओझं नसेल तेव्हा ते रबरातच दबून राहायचं. ट्रॉली लावली, टायर दबला, की अर्धा सेंटिमीटर आत डोकवायचं आणि परत मागं. पंक्चरवाल्यानं दोन्ही वेळा ट्यूब दुरुस्त केली, टायरच्या आत बघितलंच नाही. पक्कडनं ओढलं तर बाहेर आला पाऊण इंचाचा तुकडा, रबरात राहून काळा आणि शिंगासारखा कडक. काडेपेटीत ठेवलाय.

बांधावरची वेडी बाभूळ तोडून काटे वाटेवर टाकणाऱ्या आमच्या शेजाऱ्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही. त्यांची सूनबाई हे वाचते.

पॅच मारणं सोपं आहे आणि म्हणूनच लोक घाई करतात. पॅचहून मोठी जागा काचपेपरनं घासायची, रबराची चकाकी पूर्ण जाईपर्यंत. फडक्यानं पुसायची, फुंकर मारायची नाही, फुंकरीत ओल असते. मग सुलोचन. दुकानात त्याला रबर सोल्युशन म्हणतात. आमच्याकडं सायकलचं पंक्चर काढणाऱ्या तीन पिढ्यांनी त्याला सुलोचनच म्हटलं आणि मला तेच नाव आवडतं. पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. ओल्या सुलोचनवर पॅच चिकटवला की तो आज बसतो आणि परवा सुटतो. बोट लावलं तर बोटाला चिकटलं पाहिजे पण बोटावर येता कामा नये, तेव्हा पॅच मधून कडेकडे दाबत बसवायचा आणि हातोडीनं हलके ठोकायचं. नवीन भोकाला मी असा पॅच घातला. जुने दोन्हीही काढून नव्यानं मारले, कारण त्यांच्या कडा उचलल्या होत्या.

एवढ्यावर संपलं असतं. पण ट्यूब उलटी करून पुसताना व्हॉल्व्हच्या बुडाशेजारी खरबरीत पट्टा लागला. रबर झिजून पापुद्रा झालेला. रिम बघितली तर व्हॉल्व्हच्या भोकाभोवती गंजाचे पोपडे, आणि भोकाची कड पत्र्यासारखी धारदार. इतके दिवस पाणी तिथूनच झिरपत होतं ना. एका काट्यानं ट्यूब फोडली, ते पाणी रिमवर उतरलं, रिम गंजली आणि आता गंजलेली रिम ट्यूब खात होती.

व्हॉल्व्हच्या बुडाशी थंड पॅच टिकत नाही. तिथं ट्यूब जाड-पातळ असते, सारखी हलते. त्या जागेला गरम पॅचच लागतो. ट्यूब गुंडाळून मोटारसायकलला बांधली आणि अकलूजला एका जुन्या माणसाकडं नेली. केस पांढरे, हात कोपरापर्यंत काळे, बोलणं कमी. त्याच्या दुकानात इलेक्ट्रिकचं यंत्र होतं, पण लाईट गेलेली. त्यानं बाकाखालून एक जुना पिस्टन काढला, इंजिनातला असतो तोच. ट्यूबची झिजलेली जागा घासली, त्यावर कच्च्या रबराचा तुकडा ठेवला, वर कागद, वर पिस्टन पालथा, म्हणजे त्याची वाटी आभाळाकडं. शिकंजात आवळलं. मग बाटलीच्या झाकणानं मोजून दोन झाकणं इंधन त्या वाटीत ओतलं आणि काडी लावली. निळी-पिवळी ज्योत वीतभर उठली. तो बिडी ओढत रस्त्याकडं बघत बसला. मी विचारलं, "किती वेळ ठेवायचं?" म्हणाला, "ते विझलं की झालं." घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. तेवढ्या जाडीच्या पॅचला किती उष्णता लागते ते त्या दोन झाकणांत मोजलेलं होतं. निवल्यावर शिकंजा सोडला तर तुकडा आणि ट्यूब यांच्यामध्ये नख घालायला जागा नव्हती. एकच रबर.

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. गंधक घालून तापवलं की ते कायमचं चिवट होतं, हे १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला सापडलं. पुढं त्यानं पेटंटही घेतलं, आणि मेला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. हे मी पोराच्या पुस्तकामुळं वाचलेलं. त्या दुकानदाराला सांगावंसं वाटलं होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडं बघून नाही सांगितलं. ऐंशी रुपये घेतले त्यानं.

इकडं रिमसाठी आमच्या भाऊजींनी सुचवलं की फॅब्रिकेशनवाला ओळखीचा आहे, ट्रॅक्टर तसाच नेऊ, भोकाची कड वेल्डिंगनं भरून घेऊ. टायर रिमवर असताना वेल्डिंग करायचं नाही, हे मी जाणून होते. हवा काढली असली तरी नाही. आतलं रबर तापून त्याचा गॅस होतो, तो पेटला की टायर बॉम्बसारखा फुटतो, माणसं मेली आहेत. भाऊजींना पटलं नाही, पण ट्रॅक्टर माझा. मी तारेच्या ब्रशनं पोपडे काढले, भोकाची कड कानशीनं गोल केली, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, आणि वाळल्यावर जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी भोक पाडून व्हॉल्व्हखाली बसवली. ट्यूब आता रिमला नाही, त्या पट्टीला घासेल.

टायरच्या आत आणखी एक जुनी जखम होती. उसाचं रान मोडताना बुडखा लागलेला असणार, नक्षीच्या मधल्या भागात दोन इंचांची चीर, आतले दोरे दिसत होते. त्याला आतून गेटर लावला. जुन्या टायरचा तुकडा, कडा चाकूनं तासून पार पातळ केलेल्या, म्हणजे त्या कडेनं ट्यूबला वळ पडू नये. मधल्या भागातली चीर अशी चालून जाते. हीच चीर टायरच्या बगलेत असती तर मी हात लावला नसता. बगल प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, तिथं चिकटवलेलं काही टिकत नाही. भरलेल्या उसाच्या ट्रॉलीखाली ती फाटली तर ट्रॅक्टर कुठं जाईल सांगता येत नाही.

बसवताना आत्यांचा पावडरचा डबा संपला. ट्यूबला आणि टायरच्या आतून टाल्कम पावडर चोळायची, म्हणजे ट्यूब सरकून आपली जागा घेते, चिकटून घडी पडत नाही. दिवसभर अंगणात मोगऱ्याचा वास होता. हवा एकदा भरायची, पूर्ण सोडायची, परत भरायची. पहिल्या वेळी घडी पडली असेल तर दुसऱ्या वेळी निघते. कड रिमच्या काठावर "ठाप" करून बसेपर्यंत हवा वाढवत जायचं, पण पस्तीस पौंडांच्या पुढं नाही. पस्तिसाला बसली नाही तर हवा सोडून, साबणाचं पाणी लावून पुन्हा पहिल्यापासून. आणि हवा भरताना चाकासमोर उभं राहायचं नाही, लांब नळी घेऊन चाकाच्या रेषेत, नक्षीच्या बाजूला राहायचं. शेजारच्या वर्कशॉपातला छोटा कॉम्प्रेसर पिकअपमधून आणलेला. तो बिचारा तीनदा तापून बंद पडला.

त्या चार दिवसांत टायरकडं बघायची सवय लागली आणि मग सगळंच दिसायला लागलं. आमच्या दोन्ही मागच्या टायरांची नक्षी मधोमध झिजलेली आहे, कडेला शाबूत. याचा अर्थ हवा जास्त. रस्त्यावरच्या दुकानात ट्रकचंच गेज, तो सरळ तीस पौंड मारून देतो आणि आपल्यालाही टणक चाक बघून बरं वाटतं. रानात मागच्या टायरला बारा ते चौदा पौंड पुरतात. टायर थोडा पसरला पाहिजे, म्हणजे नक्षीची जास्त टोकं माती धरतात. तीस पौंडांवर तो चेंडूसारखा मधल्या पट्ट्यावर चालतो, रानात घसरतो आणि डांबरीवर मधला पट्टा खरडून निघतो. उलट हवा फार कमी ठेवली तर कडा झिजतात आणि बगलेला भेगा पडतात. आमचं काम अर्धं रानात, अर्धं कारखान्याच्या रस्त्यावर. त्यामुळं उसाच्या हंगामात हवा वाढवायची आणि पेरणीला कमी करायची, एवढ्याचा कंटाळा करून चालत नाही. मी केला होता, पाच वर्षं.

पुढचे ६.०० - १६ चे टायर आतल्या कडेनं झिजलेले. मामांनी सुतळी घेतली, दोन्ही चाकांमधलं अंतर एक्सलच्या उंचीला पुढून मोजलं, मग मागून मोजलं. पुढून अंतर काही मिलिमीटर कमी असायला हवं, आमचं बोटभर जास्त निघालं. दोन्ही चाकं दोन दिशांना तोंड करून चालली होती आणि रबर मधल्या मधे घासत होतं. टाय रॉड फिरवून जुळवायला पाऊण तास लागला. या पाऊण तासाअभावी दोन टायर गेले.

नव्या मागच्या टायरांची चौकशी करून ठेवलीय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, तरी दुकानदारानं एका टायरचे बावीस हजार सांगितले. उसाचं बिल आलं की बघू. रिमोल्ड स्वस्त पडतो, पण २०१३ च्या टायरच्या बगलेला केसासारख्या भेगा आहेत, त्यावर नवी नक्षी चढवणं म्हणजे जुन्या भिंतीला नवा रंग. रिमोल्ड करायचा तर तो उजवा.

आणि पाण्याचा वाद अजून चालू आहे. माझं म्हणणं, परत पाणी नको. उजव्याचंही काढून टाकू, हवेवर चालवू आणि लागलं तर चाकाला लोखंडी वजनं लावू. मामा म्हणाले, "पाणी ट्यूबमधी असतंय, रिमला कुठं लागतंय? गंज काट्यानं आणला, पाण्यानं न्हाई." हे खरं आहे, त्यामुळं मला जास्तच राग आला. म्हटलं, काट्याला रोखता येतं का? ते म्हणाले, "मग हवेला तरी रोखता यील का?" आत्या म्हणाल्या, आधी माझा पावडरचा डबा आणा.

दुसऱ्या दिवशी वापसा झाला होता. मालदांडी ज्वारीची पिशवी, खताचं पोतं, सगळं ओट्यावर काढून ठेवलेलं. पहाटे साडेपाचला पेरणी यंत्र जोडायला बाहेर आले तर अंगणात नळीचा आवाज. मामा डाव्या चाकाशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून, कानटोपी घालून बसलेले. गोठ्याची नळी चाकाला लावलेली, ट्यूबच्या पोटात पाणी घळघळ वाजत होतं. माझ्याकडं बघितलंच नाही त्यांनी. मी वाकून बघितलं. व्हॉल्व्ह बरोबर वर होता.